ऑटोकॅडच्या आडून

मे सरत आला होता. देवगडला माहेरच्या पडवीत कॅनिंगच्या आंब्यांचे क्रेट एकावर एक चढले होते. मोसमाच्या शेवटी कपड्यांतूनही न जाणारा तो गोडसर, जरा आंबूस वास सगळ्या घराला लागला होता. वाशीला जाणाऱ्या पेट्या कधीच संपल्या होत्या, आता उरलेला माल किलोवर जात होता. दादा वजनकाट्यापाशी वही घेऊन बसला होता, वहिनी डागी फळं बाजूला काढत होती आणि माझा भाचा क्रेट उचलून टेम्पोत चढवत होता. बारावीचा निकाल लागलेला, सीईटीच्या निकालाची वाट बघणं चाललेलं. मधेच त्याने हात पुसले, खिशातून फोन काढला आणि बापापुढे एका लॅपटॉपचा फोटो धरला. दादाने कपाळावरचा चष्मा खाली ओढून किंमत वाचली, परत वाचली. मग विचारलं, "ह्यो तुका अभ्यासाक व्हयो की खेळाक?" भाच्याने जरासुद्धा वेळ घेतला नाही. "अभ्यासाक, बाबा. ऑटोकॅडाक ग्राफिक कार्ड लागता." एवढं बोलून त्याने ओझरतं माझ्याकडे बघितलं आणि पुढचा क्रेट उचलला.

मी मालवणात डीटीपीचं दुकान चालवते. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेन्यूकार्डं, जत्रेची हँडबिलं, ग्रामपंचायतीचे अहवाल, असलं सगळं. घरात संगणकाचं काहीही निघालं की आत्याला फोन. त्यामुळे ते ओझरतं बघणं कशासाठी होतं हे मला कळलं, आणि मी काही बोलले नाही. पण संध्याकाळी मिठबाव, मुणगे, आचरा करत घरी परतताना ते उत्तर डोक्यातून जाईना. पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग बहुतेक सगळं टूडी. त्या कामात ऑटोकॅडचा, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचा, भार पडतो तो प्रोसेसरवर आणि रॅमवर. वेगळं ग्राफिक कार्ड, म्हणजे खेळांची चित्रं झरझर हलवणारा भाग, नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही ते व्यवस्थित चालतं, आणि विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं. शिवाय मेकॅनिकल मिळेल की कॉम्प्युटर हेही अजून ठरायचं होतं. हे सगळं पोराला माहीत असणार. तो खोटं बोलला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते उत्तर इतकं तयार होतं याचं. कुणीतरी हा प्रश्न विचारणार, आणि विचारला की हेच सांगायचं, हे त्याने कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

खेळायला हवाय, एवढं साधं वाक्य त्याला स्वतःच्या घरात बोलता येत नव्हतं.

आणि हे घर काही खेळाचा राग करणारं नाही. आमचे आबा जत्रेत रात्रभर दशावतार बघायचे, पहाटे दव पडलेल्या वाटेने घरी यायचे आणि तसेच बागेत पाणी घालायला जायचे. संकासुराची एन्ट्री कशी झाली, कोणी शब्द कसा फेकला, याची चर्चा पुढचे कितीतरी दिवस चालायची. यातून काय मिळालं, असं कुणी त्यांना विचारल्याचं मला आठवत नाही. गणपतीत माजघरात पत्त्यांचे डाव रंगायचे ते आरतीची वेळ टळेपर्यंत. आम्ही पोरं सड्यावर, तापलेल्या कातळावर अनवाणी क्रिकेट खेळायचो. चेंडू निवडुंगात गेला की डाव थांबायचा आणि सगळे मिळून शोधायचे. खेळ होता, भरपूर होता, फक्त त्याला पैसे पडत नव्हते. ज्या क्षणी खेळाला पैसे पडायला लागतात त्या क्षणी त्याला कारण लागतं. बागेत ज्याचं वर्ष अडकलेलं असतं त्याच्या घरात तर लागतंच. मोहोरावर फुलकिडे आले की फवारणीच्या औषधांची उधारी वाढते, राखण करणाऱ्यांचे पगार, खोकी, वाहतूक, दलाली हे सगळं जाऊन हातात दलालाच्या हिशेबाची पट्टी येते तेव्हा त्या आकड्याकडे बघून वर्षाचा श्वास ठरतो. अशा आकड्यातून साठ-पासष्ट हजार बाजूला काढायचे, तर ते अभ्यासासाठीच असले पाहिजेत असं दादाला वाटणारच. मला त्याचीही बाजू कळते. रात्री दोन वाजता आवाज करून वानर हाकलणाऱ्या माणसाला गेमिंग हा शब्द कसा ऐकू येत असेल?

पण मी संगणक शिकले तीच मुळी खेळत. नोकरीला लागले त्या छापखान्यात एकच मशीन होतं आणि त्याला हात लावायची मला धास्ती वाटायची. माऊस टेबलाच्या कडेला जाऊन पडायचा. मालक दुपारी जेवायला गेले की मी सॉलिटेअर उघडायचे. पत्ता पकडायचा, ओढायचा, दुसऱ्या पत्त्यावर सोडायचा. १९९० साली विंडोजमध्ये तो खेळ घातला तोच मुळी लोकांचा हात माऊसला सरावावा म्हणून, हे नंतर कधीतरी वाचलं आणि फार आनंद झाला. आज मी कोरलड्रॉमध्ये पत्रिकेवरचा गणपती केसभर सरकवते तो हात त्या पत्त्यांवर बसलेला आहे. त्यानंतर रोड रॅश या मोटरसायकलच्या खेळावरही मी मनापासून प्रेम केलं. त्यातून काही शिकले नाही. मजा आली, आणि तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा जेवणं झाल्यावर भाच्याला घेऊन खळ्यात बसले. पाऊस अजून लागला नव्हता. हवा जागच्या जागी थांबलेली, काजव्यांचे दिवस. मी त्याला ऑटोकॅडबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "खयचो गेम खेळूचो आसा?" तो आधी नुसताच हसला. मग जो बोलायला लागला तो थांबेना. व्हॅलोरंट. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकाचं काम वेगळं, कुणी पुढे घुसायचं, कुणी धूर सोडायचा, कुणी मागे राहून वाट अडवायची. याचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे फायबर असेल तर आपल्याकडेही पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायचा वेळ, बरा मिळतो. हाताने जमिनीवर रेघा ओढून त्याने मला एक नकाशा समजावला, कुठून चढायचं आणि कुठे दबा धरायचा. त्या मुलाला इतकं स्पष्ट, इतकं नेमकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि गंमत म्हणजे तो हा खेळ अजून एकदाही खेळला नव्हता! नुसता दुसऱ्यांचा बघून बघून त्याला पाठ झाला होता.

मग मला सगळं उलगडत गेलं. त्याच्या वाडीत घरं पुष्कळ आहेत, उघडी किती? चाकरमानी गणपतीत येतात, मे महिन्यात येतात, तेवढ्यापुरती अंगणं झाडली जातात. एरवी कुलपं. सड्यावर अकरा जण जमवायचे तर आता चार वाड्यांतून जमवावे लागतात आणि तरी जमत नाहीत. याच्या वयाचे चार जण चार गावांतले, शाळेत एकत्र आलेले, ते लॉकडाऊनमध्ये फोनवर भेटायला लागले पबजीच्या निमित्ताने. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली तेव्हा हा जेवला नव्हता, असं वहिनी सांगते. २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, पुढच्या जुलैत तोही गेला, २०२३ च्या मे मध्ये परत आला. मोठ्यांच्या दृष्टीने या बातम्या होत्या, या मुलांच्या दृष्टीने कट्टा मोडणं आणि परत मांडणं होतं. तौक्ते वादळ आलं तेव्हा, १६ मे २०२१ च्या त्या दिवसानंतर, खांब आडवे झाले, लाईट गेली, टॉवर गेले, अंगणात कच्च्या कैऱ्यांचा सडा पडला. दादा कैऱ्या गोळा करत होता आणि हा पोर जीपच्या बॅटरीवर फोन चार्ज करून रेंज शोधत सड्यावर फिरत होता. तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो. त्याला त्या तिघांची घरं उभी आहेत का, एवढंच बघायचं होतं.

"आता चौघे चार दिशेक जातले, आत्ये," तो म्हणाला. "एक पुण्याक, एक मुंबैक, एक गोव्याक. रातचे तरी एकत्र बसाक मिळात."

हे वाक्य ऑटोकॅडच्या मागे लपून राहिलं होतं.

मी पेशाने जे करते त्याचा एक नियम आहे. गिऱ्हाईक पत्रिका कुणासाठी हे खरं सांगत नाही तोवर चांगली पत्रिका होत नाही. लॅपटॉपचंही तसंच. खेळाची गोष्ट ऑटोकॅडच्या आड राहिली असती तर आम्ही चुकीचं मशीन घेतलं असतं. दुकानदाराला अभ्यास सांगितला की तो एक बारीक, हलका लॅपटॉप काढतो. ग्राफिक कार्ड सांगितलं की ज्याच्यावर लाल-हिरवा स्टिकर आहे असा कुठलाही काढतो. पण व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, सी प्रोग्रॅमिंग आणि पुढे कदाचित थ्रीडी मॉडेलिंग अशी खरी यादी हातात आली की प्रश्न बदलतो. व्हॅलोरंट फारच समजूतदार खेळ आहे, हल्लीच्या चांगल्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवरही तो पळतो. जीटीए फाइव्ह पीसीवर येऊन आता दशक उलटलं, त्यालाही राक्षसी यंत्र लागत नाही. म्हणजे ज्या लाखाच्या मशीनचा फोटो पोराने बापाला दाखवला होता त्याची गरजच नव्हती. तो फोटो निवडताना त्याने खेळ कमी आणि सबब जास्त बघितली होती. किंमत मोठी तेवढं कारणही भारदस्त दिसतं.

बजेट साठ हजार, ताणलं तर पासष्ट. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले, कारण एआयची मोठमोठी डेटा सेंटर मेमरी उचलतायत आणि तो चटका देवगडच्या पोराच्या लॅपटॉपला बसतोय. सेकंडहँडचाही विचार केला. ऑफिसांतून निघालेली मशीनं स्वस्तात मिळतात, बांधणी मजबूत असते. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यातून व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट ही मशीनमधली सुरक्षेची सोय चालू असल्याशिवाय उघडतच नाही. कुणी जुगाड करून विंडोज चढवून दिली तरी खेळ दारातच अडवणार. सेकंडहँड बाद.

आता इथलं बोलायला हवं. लॅपटॉपचे जे व्हिडिओ पोरं बघतात ते पुण्या-दिल्लीच्या एसी खोल्यांत केलेले असतात. त्यांत खारा वारा नसतो. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. म्हणजे मदरबोर्डवर मिठाची जी अदृश्य पुटं बसतात ती पावसाळ्यात ओली होतात आणि त्यांतून करंट भलतीकडे वाट काढतो. माझ्या दुकानात मी हे पाहिलेलं आहे. उघडलेल्या मशीनच्या बोर्डवर पोपटी बुरा, स्क्रूच्या डोक्यावर गंजाची फुलं, पंख्याच्या जाळीत चिकट करडी लोकर. गेमिंग लॅपटॉपचे पंखे मोठे, ते हवा जास्त ओढणार, हवेबरोबर मीठही जास्त. म्हणून मी भाच्याला बजावून सांगितलं की खिडकीत समुद्राकडे तोंड करून बसायचं नाही, आणि पावसाळ्यात मशीन बॅगेत कोंडून ठेवायचं नाही. रोज चालवायचं. त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवते. इथे खेळ हे मशीनचं औषधही आहे, हे सांगताना मला कोण आनंद झाला!

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जांभ्या दगडातलं अर्थिंग ही कोकणातली कायमची रड. कातळात खड्डा खणा, कोळसा घाला, मीठ घाला, तरी एप्रिलमध्ये माती कोरडी पडली की करंट खाली जायला वाटच मिळत नाही. आमच्या माहेरी मी धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून मनगट टेकवलं की बारीक झिणझिण्या येतात. बोट पुढे सरकवलं की पत्रा खरखरीत असल्याचा भास होतो, आणि चार्जर काढला की तोच पत्रा गुळगुळीत. ही सवयीची गोष्ट म्हणून आम्ही सोडून देतो, पण चार्जरला तिसरी पिन दिलेली असते ती याचसाठी, आणि आपण दोन पिनांच्या बोर्डात ती खुपसून बसवतो. दादाला मी सांगितलं, लॅपटॉप घरात यायच्या आधी अर्थिंगचा खड्डा नवा कर. ते त्याने लगेच केलं. खड्डा खणणं त्याच्या आवाक्यातलं होतं.

कोल्हापूरला जायचं ठरलं. जुलै, फोंडा घाट, ढगांत शिरलेला रस्ता. वायपर काचेवर करकरत होता, कड्यावरून पाणी थेट रस्त्यावर उतरत होतं. दादा जीप चालवत होता, मी बाजूला, पोर मागे. घाटात माणसं समोर बघून बोलतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघायची सोय नसते, म्हणून असेल, पण दाजीपूरच्या अलीकडे मागून आवाज आला.

"बाबा, खरा सांगू? माका गेम पण खेळूचे आसत."

दादाने गिअर बदलला. वळण घेतलं. मग म्हणाला, "रमीचो काय?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. दादाच्या मनात गेम म्हणजे ते होतं. जाहिरातीतली रमी, गावातल्या कुणीतरी बागेचे पैसे त्यात घालवल्याची कुजबुज, रात्री फोनच्या उजेडात बसलेली तरणी माणसं. इतके दिवस तो अभ्यासाक की खेळाक असं विचारत होता तेव्हा त्याला पोरगं वाया जाण्याची नाही, पोरगं लुटलं जाण्याची भीती होती. भाच्याने पुढे वाकून त्याला नीट समजावलं. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी आली, ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे ठेवले. "ह्येच्यात पैशे लावूचे नसतत, वो बाबा. आम्ही चौघे एका बाजून खेळतलव." दादा बराच वेळ गप्प राहिला. राधानगरीच्या बाजूला उतरताना पाऊस जरा उघडला तेव्हा म्हणाला, "मगे ता आधी सांगाचा मां. मी काय तुका खातंय?"

राजारामपुरीतल्या दुकानात शिरल्यावर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, कशासाठी हवाय? आणि दादानेच सांगितलं, "अभ्यासाला आणि खेळायला, दोन्हीला." मला त्या वाक्याचा जो अभिमान वाटला तो इथे लिहूनही पुरा होणार नाही.

त्यानंतरचं सोपं होतं. समोर तीन मशीनं आली. पहिलं वेगळं कार्ड नसलेलं, दीड किलोच्या आसपास, सी-टाइप चार्जरचं. इन्व्हर्टरवर सहज चालणारं, एसटीच्या प्रवासाला सुखाचं. पोर फक्त व्हॅलोरंट खेळणार असता तर मी हेच घ्यायला लावलं असतं आणि पैसेही वाचले असते. दुसऱ्यात आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक कार्ड, ऐकायला सगळ्यात भारी. पण ते बनवणारी एनव्हिडिया कंपनी हेच कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत देऊ देते. नाव एक, आणि ताकदीत केवढा फरक! तो आकडा खोक्यावर नव्हता. मॉडेलचा पूर्ण नंबर घालून कंपनीच्या साइटवर शोधला तेव्हा कळलं, पातळ बॉडीमुळे वॅट अगदीच कमी. रॅम ८ जीबी, तीही एकच पट्टी. आणि बजेटच्या बाहेर. तिसऱ्यात ३०५०, ६ जीबीचं. कार्ड एक पायरी खालचं, पण त्याला वॅट भरपूर दिलेले, हवा जायला मागे मोठी जाळी, रॅम १६ जीबी आणि दुसरा स्लॉट मोकळा, एसएसडीलाही एक जागा शिल्लक. वजन सव्वादोन किलोच्या पुढे, वर चार्जरची वीट वेगळी.

स्क्रीन मात्र मी माझ्या पद्धतीने तपासली. माझ्या फोनमध्ये बागेतल्या हापूसचा एक फोटो आहे, देठाजवळ लालसर झाक, खाली केशरी, एका गालावर हिरवट सावली राहिलेली. पेट्यांवरचं लेबल मी त्याच फोटोवरून केलं होतं, त्यामुळे त्यातला रंग न रंग मला माहीत आहे. तो फोटो तिन्ही मशीनांवर उघडला. ४०५० वाल्यावर आंबा दिसला तो उकडल्यासारखा, केशरीची माती झालेली आणि लाल झाक गायबच. माहितीपत्रकात बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे मोजकेच रंग, असं लिहिलेलं असतं ते हेच. १४४ हर्ट्‌झ म्हणून स्टिकर लावतात, चित्र झरझर सरकतं हे खरं, पण सरकतं ते फिकट. ३०५० वाल्यावर आंबा बराचसा आंब्यासारखा होता. पहिल्या पातळ मशीनवर सगळ्यात सुंदर. दादा तिन्हींकडे आलटून पालटून बघत राहिला, आणि म्हणाला की पहिल्यावरचा आपल्या बागेतला, तिसऱ्यावरचा पण आपलाच पण आदल्या दिवशी उतरवलेला, मधला आपला नव्हे. काउंटरवरच्या मुलाने ते ऐकून परत वाकून बघितलं.

निवड भाच्याने केली. ३०५०. मी त्याला दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या होत्या. एक, लाईट गेली की खेळ संपला. बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही, खेळ अडखळतो आणि तासाभरात बॅटरी झोपते. दोन, हे धूड पाठीवर घेऊन तुलाच फिरायचं आहे. त्याने मशीन हातात घेऊन वजन बघितलं, चार्जर दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाला, क्रेटपेक्षा हलका आहे. मी घरी येऊन सर्व्हिस देण्याच्या वॉरंटीबद्दल विचारलं तेव्हा दुकानदाराने हो हो केलं, पण मी पिनकोड टाकून बघायला लावलं. माझ्या एका मशीनच्या वेळी कागदावर लिहिलेली घरपोच सर्व्हिस प्रत्यक्षात घाट उतरायला तयार नव्हती, आणि ऐन लगीनसराईत मशीन पार्सल करून पाठवावं लागलं होतं. या कंपनीच्या यादीत आमचा पिनकोड निघाला. बिलात १८ टक्के जीएसटी बघून दादाने एक निःश्वास टाकला आणि पैसे मोजले. दुसरी रॅम पुढच्या मोसमात, मोहोर नीट धरला तर.

भीती मलाही वाटते. हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोनला कुणी सांगणार नाही की आता पुरे. पाच जणांच्या खेळात मधून उठता येत नाही, उठलं तर बाकी चौघांचं नुकसान, आणि उद्या सकाळी लेक्चर. बारावीला चांगले मार्क पडलेली कितीतरी पोरं पहिल्या वर्षाला केट्या, म्हणजे राहिलेले विषय, घेऊन घरी येतात, ते काही सगळं खेळामुळे नसतं, पण खेळामुळेही असतं. यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच की ज्याबद्दल घरात बोलता येतं त्याबद्दल विचारताही येतं. ऑटोकॅडच्या आडून चाललेल्या खेळाला कोण विचारणार होतं, किती वाजता बंद केलास म्हणून?

परवा दादाचा फोन आला. मोहोरासाठी झाडांना कल्टार घालायला माणसं मिळत नाहीत, पाऊस थांबत नाही, सीईटीची कॅपची, म्हणजे प्रवेशाची, फेरी लांबली, असं सगळं झालं. कॉलेज सुरू व्हायचंय, तोवर पोर माजघरात खेळतंय, इंटरनेट पावसात अधूनमधून जातं, पण अर्थिंगच्या झिणझिण्या गेल्या. मी फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "काय गो, काल ह्यो गोल्डात गेलो म्हणता. बरा असता मां ता?"

मी सांगितलं, खेळातल्या पायऱ्या अशा, लोखंड, कांस्य, चांदी आणि मग सोनं. अजून वर पाच पायऱ्या आहेत.

"पाच?" दादा म्हणाला. "मगे बरोच येळ लागतलो."